डाव मांडला: हरणाऱ्याने शेवटपर्यंत काय करायचं?

मे महिना लागला की या सदराची पत्रं एकदम वाढतात, आणि यंदा बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच तक्रार केलीये, की बसतो सगळे मिळून पण अर्ध्या तासाने दोघंच खेळत असतात आणि बाकीचे मोबाईल काढून बसलेले असतात. मी स्वतः कुठलाही गेम घेताना, मग तो टेबलावरचा असो नाहीतर स्क्रीनवरचा, आधी हेच बघते की जो हरतोय, किंवा ज्याच्या हातात रिमोट नाहीये, त्याला त्या वेळी काही काम आहे का. चित्रं, डबा, रेटिंग हे सगळं नंतर. खालची उत्तरं वाचताना तेवढं लक्षात असू द्या.

प्रश्न: ताई, घरी मुलगा १२ चा, मुलगी ७ ची आणि सासूबाई ७२ च्या. दर सुट्टीत व्यापार काढतो आणि दर वेळी तेच, मोठ्याकडे सगळी शहरं जातात, धाकटी कंगाल होऊन रडत उठते, सासूबाई तिला गुपचूप पैसे देतात आणि मग त्यावरून भांडण. तीन तास जातात आणि शेवटी कोणी कोणाशी बोलत नाही. मुलांचंच काही चुकतंय का? (नाशिक)

उत्तर: मुलांचं काहीच चुकत नाहीये, तो खेळच तसा आहे. आपला व्यापार म्हणजे मोनोपॉलीचा भाऊ, आणि मोनोपॉलीचं मूळ आहे लिझी मॅगी नावाच्या अमेरिकन बाईंच्या खेळात. १९०४ साली त्यांनी 'लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट घेतलं, आणि तो बनवला होता मुळी हे दाखवायला, की जमिनी एकाच्या हातात गेल्या की तो नुसता भाडं खाऊन श्रीमंत होत जातो आणि बाकीचे काहीही केलं तरी बुडतात. म्हणजे तुमची लेक रडते तेव्हा तो खेळ जे दाखवायला बनला तेच तिला दिसत असतं. सासूबाई पैसे देतात ते पण मला पटतं हो, सातव्या वर्षी कंगाल होऊन तासभर बाजूला बसणं ही शिक्षा आहे.

व्यापार टाकून द्या असं नाही म्हणत मी, पण दोन गोष्टी करून बघा. मोनोपॉलीच्या मूळ नियमात आहे की एखाद्याने जागा घेतली नाही तर लगेच तिचा लिलाव करायचा, आपल्याकडे हे कोणी करत नाही आणि म्हणून जागा रिकाम्या राहतात आणि डाव लांबतो. ते सुरू करा. दुसरं, आधीच दीड तासाचा गजर लावून ठेवा, वाजला की ज्याची मालमत्ता जास्त तो जिंकला, कोणाला बुडेपर्यंत खेळायचंच नाही.

आणि नवीन घ्यायचाच असेल तर माझं मत डोळे झाकून कार्कासोनला. क्लाउस-युर्गेन व्रेडे या जर्मन माणसाने २००० साली आणला, पुढच्या वर्षी त्याला जर्मनीचा वर्षातला सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला, आणि नाव आहे फ्रान्समधल्या तटबंदीच्या एका गावाचं. ७२ चौकोनी तुकडे, त्यांच्यावर रस्ते, तटाच्या भिंती, मठ. आपली पाळी आली की एक तुकडा उचलायचा, आधीच्याला जुळेल असा लावायचा, वाटलं तर त्याच्यावर आपला छोटा लाकडी माणूस उभा करायचा, झालं. वाचायला काही नाही, पैसे नाहीत, आणि कोणी बाद होत नाही, शेवटचा तुकडा लागेपर्यंत सगळे खेळात. आमच्या घरी माझी भाची सहा वर्षांची असताना हिशेबात नेहमी मागे असायची पण डाव संपला की टेबलावर जो अख्खा मुलूख तयार झालेला असायचा त्यातला "हा रस्ता माझा" म्हणून बोट ठेवून दाखवायची, आणि आईला फोटो काढायला लावायची. तुमच्या सासूबाईंना पण जमेल, कारण तुकडा कुठे लावावा यावर सगळ्यांनी सल्ला द्यायचा असतो, आणि आजींना सल्ला द्यायला आवडतं असं तुमच्या पत्रावरून दिसतंच आहे. सुरुवातीला शेतकरी, म्हणजे शेतात आडवी झोपवायची तीच लाकडी माणसं, वापरू नका, त्यांचा हिशेब किचकट आहे.

मोठ्याला जरा जास्त डोकं लावायचं असेल तर टिकेट टू राईड. अॅलन मून यांचा, २००४ चा. रंगीत पत्ते जमवायचे आणि गावागावांत रेल्वे टाकायची, प्रत्येकाकडे ४५ डबे. मूळ नकाशा अमेरिकेचा आहे, भारताचा नकाशा २०११ मध्ये आला पण त्याच्यासोबत डबे आणि पत्ते येत नाहीत, ते मूळ खेळातलेच वापरायचे, तेव्हा आधी तो घ्यावा लागतो. यात मात्र दुसऱ्याने नेमका आपला मार्ग अडवला की राग येतो, ७ वर्षांच्या मुलीला तो झेपेल का ते तुम्हीच बघा.

प्रश्न: हॉस्टेलवर रोज रात्री ऊनो. अधिक दोनवर अधिक दोन टाकता येतं की नाही? आमचे दोन गट पडलेत आणि प्रकरण हातघाईवर आलंय. (कोल्हापूर)

उत्तर: नाही टाकता येत. ज्याच्यावर पडलं त्याने दोन पानं उचलायची आणि त्याची पाळी गेली. अधिक चारवर अधिक चार पण नाही, हे तर मॅटेल कंपनीने २०१९ मध्ये ट्विटरवर स्वतःच स्पष्ट केलं होतं आणि तेव्हा जगभरातल्या लोकांनी कंपनीचंच ऐकायला नकार दिला. सगळ्यांना मान्य असेल तर खुशाल टाका, पण पानं वाटायच्या आधी ठरवा, मध्येच नाही. त्यांचा नो मर्सी नावाचा वेगळा डबा आलाय त्यात असं एकावर एक टाकणं चालतं, पण त्यात हातात २५ पानं झाली की माणूस बादच, आणि मग तो बिचारा रात्री दीड वाजता काय करणार? मला तो नियम आवडत नाही.

प्रश्न: ताई मी अकरावीत आहे, माझ्याकडे बाबांचा ऑफिसचा जुना लॅपटॉप आहे, ग्राफिक्स कार्ड वगैरे काही नाही. मित्र जे खेळतात ते चालूच होत नाहीत. काहीतरी भारी पण हलकं सांगा ना. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: तुझ्या लॅपटॉपवर चालेल आणि तुझ्या मित्रांच्या सगळ्या गेम्सपेक्षा जास्त डोकं खाईल असा एक सांगते, बाबा इज यू. फिनलंडच्या आर्वी तेइकारीने बनवलाय, २०१७ च्या एका गेम जॅममध्ये, म्हणजे थोडक्या वेळात गेम बनवायच्या मेळाव्यात, त्याची सुरुवात झाली आणि २०१९ ला पूर्ण गेम आला. दिसायला अगदी साधा, लहान मुलाने खडूने काढल्यासारखा. पण गंमत अशी की खेळाचे नियमच पडद्यावर शब्दांच्या ठोकळ्यांनी लिहिलेले असतात आणि ते ठोकळे ढकलता येतात! 'वॉल इज स्टॉप' असं लिहिलंय तोवर भिंत अडवते, त्यातला एक शब्द बाजूला सरकवला की भिंतीतून आरपार. 'रॉक इज यू' जुळवलं की तू दगड होतोस आणि दगड चालायला लागतो. दोनशेच्या वर लेव्हल आहेत आणि पहिल्या पंधरा-वीस झाल्या की एकेका लेव्हलवर दोन-दोन दिवस जातात, मग आंघोळ करताना एकदम उत्तर सुचतं.

मी हा खेळताना मराठीचा खूप विचार केला. इंग्रजीत तो 'इज' मधोमध बसतो म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंचे शब्द अदलाबदल करता येतात, सगळा खेळ त्या मधल्या ठोकळ्याभोवती फिरतो. आपल्याकडे क्रियापद जातं शेवटी, 'बाबा तू आहेस', शिवाय तू असलास तर आहेस आणि भिंत असली तर आहे, म्हणजे ठोकळाच बदलायला लागणार! मराठीत हा गेम करायचा तर मुळापासून वेगळा रचावा लागेल, आणि कोणीतरी करावा असं मला मनापासून वाटतं, तू अकरावीत आहेस तर तूच का नाही. एकटा खेळू नकोस पण, शेजारी कोणीतरी बसव. यात बघणाऱ्याला खेळणाऱ्याइतकंच काम असतं, "अरे तो शब्द वर ढकल" हे नेहमी बघणाऱ्यालाच आधी दिसतं. चुकलं तर एक बटण दाबून एकेक पाऊल मागे जाता येतं, त्यामुळे भीती नाही.

परीक्षेनंतर डोकं शांत करायला अ शॉर्ट हाईक बघ, तो २०१९ चाच. क्लेअर नावाचं एक पाखरू एका बेटावर आलंय, कोणाच्या तरी फोनची वाट बघतंय, पण रेंज फक्त डोंगराच्या शिखरावर, म्हणून चढायचं. वाटेत कोणी शिंपले मागतं, कोणी शर्यत लावतं, आणि वर पोचल्यावर जे होतं ते मी सांगणार नाही. दीड-दोन तासांत संपतो, सह्याद्रीत भटकणाऱ्यांना तर फारच आवडेल.

प्रश्न: लग्नाला सहा महिने झाले. मी लहानपणापासून गेमर, बायकोने कधी कंट्रोलर धरलेला नाही, ती म्हणते मला ती बटणं जमत नाहीत, तू खेळ मी बघते. मला ती बघत बसलेली आवडत नाही. काय खेळू तिच्याबरोबर? (ठाणे)

उत्तर: तुमचं शेवटून दुसरं वाक्य मला फार आवडलं. तर सुरुवात करा कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्सने. लांबलचक नाव आहे, २०१५ चा गेम. स्क्रीनवर एक बॉम्ब, तो फक्त एकालाच दिसतो. दुसऱ्याकडे तो निकामी कसा करायचा याचं पुस्तक, ते फुकट मिळतं, २३ पानं आहेत, प्रिंट काढून घ्या. पुस्तकवाल्याने स्क्रीनकडे बघायचं नाही आणि बॉम्बवाल्याने पुस्तकाकडे. पहिला बॉम्ब पाच मिनिटांचा. पुस्तक त्यांच्या हातात द्या, म्हणजे बटणांचा प्रश्नच येत नाही आणि तुम्ही पूर्ण त्यांच्यावर अवलंबून. त्यात एका ठिकाणी विचित्र चिन्हं असतात, त्यांचं वर्णन करावं लागतं, आमच्या घरी त्यातल्या एकाचं नाव जिलबी पडलंय आणि एकाचं उलटी चंद्रकोर, आता नुसतं "जिलबी!" ओरडलं की समोरचा बरोबर पान उलटतो. असे शब्द तुमच्या दोघांचे पण तयार होतील.

मग अनटायटल्ड गूज गेम. मेलबर्नच्या चार जणांनी केलेला, २०१९ चा. तुम्ही हंस आहात आणि इंग्लंडमधल्या एका छोट्या गावात लोकांना छळायचंय, माळ्याच्या किल्ल्या पळवा, त्याचा दंताळा तळ्यात टाका. २०२० पासून दोघांना दोन हंस घेऊन खेळता येतो. ओरडण्यासाठी एक अख्खं बटण आहे, त्यांना पहिलं तेच शिकवा, बाकीचं आपोआप येतं. मागे पियानो वाजत असतो, देब्युसी या फ्रेंच संगीतकाराच्या रचना आहेत, तुम्ही गडबड केलीत की सूर धावायला लागतात आणि लपून बसलात की थांबतात, मला तो गेम इतका आवडण्यात त्या पियानोचा मोठा वाटा आहे.

आणि एका शांत रविवारी अनपॅकिंग. हा जरा निगुतीने खेळा. एका मुलीची आठ घरं, १९९७ च्या लहानपणीच्या खोलीपासून २०१८ पर्यंत, प्रत्येक वेळी खोक्यांतून सामान काढून जागेवर लावायचं, एवढंच. ती मुलगी एकदाही दिसत नाही, कोणी बोलत नाही, पण कुठल्या घरात कुठलं सॉफ्ट टॉय अजून सोबत आहे आणि काय मागे राहिलं यावरून तिचं सगळं आयुष्य कळतं. २०१० च्या घरात ती एका मित्राबरोबर राहायला जाते. घर त्याचं, कपाटं भरलेली, आणि हिच्या वस्तूंना जागाच नाही, त्याचं सामान सरकवून सरकवून हिचं कोंबावं लागतं, आणि तिची पदवीची फ्रेम लावायला भिंत सापडत नाही. लग्न होऊन सासरी गेलेल्या प्रत्येक बाईने ती फ्रेम हातात धरून उभं राहिल्यासारखा तो क्षण आहे. मी तिथे बराच वेळ थांबले होते. माऊस बायकोच्या हातात द्या, तुम्ही शेजारी बसा, आणि ते घर आलं की त्यांना विचारा की इथे आल्यावर तुझी कुठली वस्तू अजून खोक्यात आहे.

प्रश्न: पुण्यात बनलेला एखादा चांगला गेम आहे का, की सगळं बाहेरचंच? (पिंपरी)

उत्तर: आहे की, राजी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० मध्ये आला. सर्कशीत कसरती करणारी मुलगी आणि पळवून नेलेला तिचा भाऊ गोलू, त्याला शोधत ती राक्षसांशी लढते, आणि गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू. महाल, हवेल्या, भिंतीवरची चित्रं बघत थांबावंसं वाटतं. मारामारी मात्र थोड्या वेळाने त्याच त्याच चालीवर येते आणि शेवट एकदम तुटल्यासारखा होतो. तरी घ्या. आपल्याकडची कमान, आपल्याकडची जाळीची खिडकी गेममध्ये इतक्या प्रेमाने काढलेली मी आधी पाहिली नव्हती.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत. मुलगी १३ वर्षांची, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत. बायकोशी हल्ली फार खटके उडतात. दोघींनी मिळून काही खेळावं असं वाटतं, मराठी गेम असेल तर उत्तमच.

उत्तर: तुम्हाला हवा तसा मराठी गेम मी खेळलेला नाही, पण तुमच्या घराचीच गोष्ट असलेला एक आहे, तमिळ घरातला. वेन्बा. टोरांटोच्या विसाई गेम्सचा, २०२३ चा. १९८० च्या दशकात भारतातून कॅनडात गेलेलं जोडपं, त्यांचा मुलगा काविन, आणि वेन्बा म्हणजे त्याची आई. तिच्याकडे तिच्या आईची पाककृतींची वही आहे, फाटलेली, डाग पडलेली, ओळी पुसलेल्या, आणि खेळ म्हणजे त्या गाळलेल्या जागा स्वतः भरून पदार्थ करायचा. पहिलाच इडलीचा, पात्राच्या ताटल्या एकावर एक कशा ठेवायच्या म्हणजे वाफ सगळीकडे फिरेल. इथे तुमची बायको अर्ध्या सेकंदात उत्तर देईल आणि मुलीला नाही येणार, आणि मुलगी कंट्रोलर चालवेल जो आईला नाही येणार, दोघींना एकमेकींची गरज पडते ती अशी.

मुलगा जसा मोठा होतो तसा तो भाषेपासून, डब्यापासून, आईपासून लांब जातो, आणि गेम त्यात कोणालाच दोषी ठरवत नाही. आई चुकते तिथे पण दिसतं, मुलगा चुकतो तिथे पण. साधारण दीड तासाचा आहे, एका बैठकीत होतो. तुम्ही मध्ये बसू नका, तुम्ही चहा करा. आणि झाल्यावर लगेच मुलीला "बघ, तू पण अशीच करतेस" असं म्हणू नका प्लीज, तिला ते कळलेलं असतं. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी आजीला व्हिडिओ कॉल लावून तिच्या वहीतलं एक पान मागा, ज्यात सगळी मापं 'अंदाजे' लिहिलेली असतील ते.

प्रश्न: नमस्कार. वय ७१, शिक्षक म्हणून निवृत्त. तुम्ही माझ्या मुलीच्या वयाच्या असाल म्हणून स्पष्ट लिहितो. दर महिन्याला जर्मनी आणि फिनलंड. मोक्षपट, गंजिफा, मेंढीकोट हे आपले खेळ तुम्हाला दिसत नाहीत का? आम्ही चौघे मित्र ४० वर्षं दर शनिवारी मेंढीकोट खेळतो. (सांगली)

उत्तर: सर, नमस्कार. गंजिफाबद्दल मी आधीच लिहायला हवं होतं. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही कारागीर ती गोल पानं हाताने रंगवतात. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी १२ पानं, म्हणजे १२० पानांचा जोड. दिवसा डाव असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो उतारी करतो, आणि रात्री असेल तर कृष्णाचा. सूर्याकडे बघून सुरुवात ठरवणारा दुसरा पत्त्यांचा खेळ मला माहीत नाही. मोक्षपट आपल्याकडे ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेला आहे, त्यातल्या शिड्या म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण, पण खेळ म्हणून सगळं फाशावर, ठरवायला काहीच नाही, म्हणून मी तो मुलांना बघायला देते, गोष्ट सांगायला देते, पण संध्याकाळ काढायला नाही.

मेंढीकोटाचं मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. चौघं, दोन जोड्या, चार दश्श्या पकडायच्या, आणि भिडूने कुठलं पान टाकलं यावरून त्याच्या मनात काय आहे ते ओळखायचं. त्यात शेवटच्या हातापर्यंत कोणी रिकामं बसत नाही, मी सगळ्या गेम्समध्ये जे शोधते ते त्यात आहेच.

आणि म्हणूनच तुमच्या शनिवारसाठी एक जर्मन खेळ सुचवते, रागावू नका. द क्रू, थॉमस झिंग यांचा, २०१९ चा. छोटीशी डबी, मुख्य पानं ४०, चार रंग एक ते नऊ आणि चार रॉकेटं, ती रॉकेटं म्हणजे कायमचा हुकूम. हात करायचे, रंगाला रंग द्यायचा, नसेल तर मारायचं, हे सगळं तुम्हाला येतंच. फरक एवढाच की चौघंही एकाच बाजूला. प्रत्येक डावात कामगिरी असते, गुलाबी सात या भिडूच्याच हातात गेला पाहिजे वगैरे, आणि बोलायचं नाही. एका डावात एकदाच आपलं एक पान उघडं ठेवून हे माझं या रंगातलं सगळ्यात मोठं, सगळ्यात छोटं किंवा एकुलतं एक एवढंच खुणेने सांगता येतं. अशा ५० कामगिऱ्या, चढत्या अवघड. नवशिक्यांना विसाव्याच्या आसपास घाम फुटतो. ४० वर्षं एकमेकांची पानं ओळखणारे चार मित्र कुठवर पोचतात हे मला खरंच जाणून घ्यायचंय, पत्र जरूर टाका.

प्रश्न: नवीन गेम आणला की मी नियम वाचून दाखवते आणि दहा मिनिटांत सगळे उठून जातात. (रत्नागिरी)

उत्तर: वाचून दाखवू नका, आदल्या रात्री एकटीने दोन खोट्या खेळाडूंचा डाव खेळून बघा. दुसऱ्या दिवशी फक्त दोन वाक्यं सांगा, जिंकायचं कसं आणि पाळी आली की करायचं काय, आणि लगेच खेळायला बसा, पहिला डाव पानं उघडी ठेवून, हिशेब नाही. बाकीचे नियम त्या त्या वेळी निघतील. पहिली पाळी सगळ्यात लहान मुलाला द्या. आणि कार्कासोनच आणला असेल तर ते शेतकरी तिसऱ्या-चौथ्या डावाला काढा, तोवर डबीतच राहू देत.